ऊसतोड टोळीत गोवराचा संशय: तारखा कशा मोजायच्या, यादीत कोणाला घ्यायचं?

शिरोळ_उपकेंद्र:
नमस्कार. साखर कारखान्याच्या तळावर पंचवीसेक कोप्या (ऊसतोड मजुरांच्या झोपड्या) आहेत, दोन टोळ्या, दोन्ही बीडकडच्या. एका तीन वर्षांच्या मुलाला ताप, खोकला, डोळे लाल. १२ जानेवारीला कानामागून पुरळ सुरू झालं. लसीचं कार्ड गावी राहिलंय म्हणतात. आज १३ तारीख, रक्ताचा नमुना घेऊन पाठवला. मुकादम म्हणतो, संक्रांत झाली की टोळी कागलच्या बाजूला हलवणार. अहवाल येईपर्यंत काय काय करून ठेवायचं? यादी फक्त त्या कोपीची करायची की अख्ख्या तळाची? आणि मुलाला वेगळं ठेवायचं म्हणजे नेमके किती दिवस? एकजण सात म्हणतो, एकजण चौदा.

डॉ_पंचगंगा:
अहवालासाठी थांबू नका. ताप आणि पुरळ एवढ्यावर संशयित म्हणून नोंद होते आणि काम तिथूनच सुरू होतं.

तारखांचा घोळ बहुतेक वेळा ताप आल्या दिवसापासून मोजल्यामुळे होतो. मोजायचं पुरळ दिसलं त्या दिवसापासून, आणि तो दिवस शून्य. पुरळाआधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस मूल गोवर पसरवतं. म्हणजे तुमच्याकडे ८ ते १६ जानेवारी. १६ संपेपर्यंत मूल वेगळं. सात आणि चौदा दोन्ही विसरा.

संपर्कातल्यांचा हिशोब निराळा. लागण झाल्यापासून पुरळ उठायला साधारण १४ दिवस लागतात, पण ७ ते २१ असं काहीही होऊ शकतं. म्हणून लस न झालेल्या मुलावर शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस लक्ष. बाजूच्या कोपीतल्या मुलाचा संपर्क आज तुटला तर ३ फेब्रुवारीपर्यंत. त्याच कोपीत राहणाऱ्या भावंडांचा १६ पर्यंत तुटणारच नाही, त्यांचे २१ दिवस ६ फेब्रुवारीला संपतील. नवे रुग्ण आले तर बहुतेक २२ ते ३० जानेवारीच्या आसपास येतील. त्या आठवड्यात तळावर रोज फेरी ठेवा, एरवी दिवसाआड चालेल.

मागचा शोधही घ्या, तो हमखास राहून जातो. या मुलाला लागण झाली ती २२ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात. तेव्हा टोळी कुठं होती, कुणाकडं लग्नाला किंवा जत्रेला गेली होती, पाहुणा कोण आला होता? तिथं अजून रुग्ण असणार.

यादी अख्ख्या तळाची. गोवराचा विषाणू हवेतून जातो, मूल उठून गेल्यावरही त्या जागी दोन तासांपर्यंत राहतो. लस न झालेल्या दहा जणांत तो शिरला तर नऊ जण आजारी पडू शकतात. मूल ८ तारखेनंतर कुठल्या खाजगी दवाखान्यात नेलं होतं तेही विचारा. त्या दिवशी तिथं बाकावर बसलेले आणि मूल गेल्यावर दोन तासांत आलेले, सगळे यादीत.

आणि एक, हे आजच करा. तळावर सहा महिन्यांच्या आतलं बाळ, लस किंवा गोवर न झालेली गरोदर बाई, किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेलं मूल असेल तर पहिल्या संपर्कापासून सहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देता येतं. तुमच्या तारखांनी ती मुदत उद्या संपते. वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत सीपीआरच्या (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) बालरोग विभागाला फोन लावा. गरोदर बाईला गोवराची लस द्यायची नाही, हे टोचणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

फडाची_चिट:
तारखांबद्दल. कोपीत जाऊन "८ तारखेला कुठं होता?" विचारलं तर कुणी सांगू शकत नाही. तोडणीत वार-तारीख राहत नाही. पहाटे चारला उठायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, एवढंच. पण उसाच्या प्रत्येक खेपेची चिट निघते; त्यावर तारीख, गाव, शेतकऱ्याचं नाव असतं. चिटबॉयकडं किंवा कारखान्याच्या शेती गट कार्यालयात टोळीच्या नावावर गेल्या महिन्याच्या चिटा मागा. २२ डिसेंबरपासून टोळी कुठल्या कुठल्या फडात (तोडणीच्या उसाच्या शेतात) होती ते दहा मिनिटांत कळतं. त्याच फडाला लागून दुसरी टोळी तोडत असेल तर तीही त्यात दिसते. पोरं बांधावर झाडाखाली एकत्र खेळतात, तिथंच लागण होते.

चिटा मिळाल्या नाहीत तर खर्चीवरून (मुकादम हातखर्चाला वाटतो ते पैसे) विचारा. "खर्ची वाटली त्याच्या आधी ताप आला का नंतर?" याचं उत्तर बरोबर येतं. आठवडी बाजारही लक्षात असतो. उद्या-परवा कुणी विचारणार असेल तर भोगी आणि संक्रांत धरून विचारा.

मुकादमाकडं दोन्ही टोळ्यांची कोयत्यांची यादी असते. खरं तो कोयता मोजतो, म्हणजे नवरा-बायको. पोरं त्यात नसतात. ती यादी घेऊन कोपी-कोपी फिरून पोरांची नावं तुम्हीच भरायची. आणि गावी आजीकडं ठेवलंय म्हणून सांगितलेलं पोरगं पुष्कळदा कोपीत झोपलेलं असतं.

शीतपेटी:
लसीबद्दल, कारण इथं अपेक्षा चुकते.

संपर्कानंतर ७२ तासांत लस दिली तर आजार टळू शकतो, हे बरोबर. पण या मुलाच्या कोपीतल्यांचा पहिला संपर्क ८ तारखेचा. ७२ तास ११ ला संपले, पुरळ १२ ला उठलं. घरच्या भावंडांच्या बाबतीत हे नेहमी असंच होतं. लस तरी द्यायचीच. तिचा फायदा दुसऱ्या टोळीला, आणि या कोपीत अजून लागण झालेली नसेल त्याला. पण लस दिल्यावर चार दिवसांनी धाकट्याला पुरळ उठलं की अख्खा तळ म्हणणार, सुईनंच गोवर आणला. मग पुढच्या कोपीत कुणी हात पुढं करणार नाही. म्हणून टोचण्याआधीच सांगा: "याला आधीच लागण झालेली असू शकते, आठवड्याभरात पुरळ उठलं तर ते लसीचं नाही." मुकादमाच्या समोर सांगा.

नऊ महिने ते पाच वर्षं, कार्ड नसेल तर न झालेली धरून द्या. यू-विनवर (सरकारची लसीकरणाची ऑनलाइन नोंद) आईच्या मोबाईल नंबरनं शोधून बघा. नोंद सापडली तर ठीक, नाही तर शोधत बसू नका. जास्तीच्या डोसानं नुकसान होत नाही. एक डोस झालेला असेल तर चार आठवड्यांचं अंतर बघून दुसरा. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना द्यायची का, हे जिल्हा ठरवतो. २०२२ च्या मुंबईतल्या उद्रेकात केंद्राचा सल्ला असा होता की एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालच्यांचं प्रमाण १० टक्क्यांवर गेलं तर त्या भागात द्यावी. तो डोस हिशोबात धरत नाहीत. नवव्या महिन्याचा आणि १६ ते २४ महिन्यांचा परत द्यावाच लागतो.

सत्र संध्याकाळी सहानंतर ठेवा, दिवसा तळावर म्हातारी माणसं आणि कुत्री. द्रावकही (लसीची पूड ज्यात मिसळतात ते पाणी) लसीइतकंच थंड हवं, आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये. कुपी मिसळल्याची वेळ लेबलवर लिहा, चार तासांनी उरलेली फेकायची. "अजून दोन पोरं यायचीत" म्हणून पाचव्या तासाला वापरलेली कुपी जीव घेऊ शकते. या लसीत जंतू मारणारं काही नसतं. ०.५ मिली, उजव्या दंडात, कातडीखाली. टोचल्यावर अर्धा तास तळावरच बसवा.

शिरोळ_उपकेंद्र:
खूप उपयोगी. चिटा मिळाल्या, २८ डिसेंबरला शेजारच्या फडात तिसरी टोळी होती. आता अडचण वेगळी. आई म्हणते मी कोपीत बसले तर अर्धा कोयता बुडतो, मुकादम उचलीत (आगाऊ दिलेल्या पैशांत) कापून घेणार. आणि आजी औषध देऊ देत नाही, "गोवर आत जाईल" म्हणते. दाराला कडुलिंब बांधलाय.

गटप्रवर्तक_कागल:
कडुलिंब राहू द्या. त्यानं काही बिघडत नाही, उलट त्या कोपीत बाहेरचं पोर शिरत नाही. आजीशी वाद घालू नका, तिला म्हणा, "बाहेर पडलाच आहे, आता डोळे आणि छाती सांभाळायची." सुईला विरोध असतो, चमच्याला सहसा नसतो.

चमच्यातलं म्हणजे जीवनसत्त्व अ. आज एक मात्रा, उद्या एक. एक वर्षावरच्याला दोन लाख युनिट म्हणजे २ मिली, ६ ते ११ महिन्यांना १ मिली, सहा महिन्यांखाली अर्धा मिली. गेल्या महिन्यात नेहमीचा डोस झाला असला तरी गोवरात या दोन मात्रा द्यायच्याच. दुसरी आईच्या हातात देऊन येऊ नका, स्वतः जाऊन पाजा. नाहीतर सगळ्या पोरांत वाटली जाते. डोळ्याच्या बुबुळावर पांढरट दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, आणि महिन्याभरानं तिसरी मात्रा.

आता बसायचं कोणी. आईच हवी असं नाही. ज्याला गोवर होऊन गेलाय किंवा दोन डोस झालेत असं कुणीही चालतं. आजीला बहुधा होऊन गेलेला असतो, विचारून घ्या. १६ पर्यंत आजी आणि पोर कोपीत, बाकीच्या पोरांनी तिकडं जायचं नाही, एवढंच नेमकं सांगा. "विलगीकरण" हा शब्दच वापरू नका, पोलीस येणार असं वाटतं. कोपीचं तोंड उघडं ठेवा. थंडी म्हणून पाचट आणि ताडपत्री लावून बंद केली की आतली हवा तशीच राहते. अंगणवाडी, साखरशाळा, फडावरचा पाळणा सगळं बंद. पण नळावर पाणी आणायला पोर पाठवतातच, त्यावर नजर ठेवा.

खाणं बंद करतात ते होऊ देऊ नका. मीठ-तेल वर्ज्य पाळायचं असेल तर पाळू द्या, खरं भाकरी कुस्करून दुधात, पेज, दूध पिणाऱ्याला अंगावरचं दूध हे चालूच राहायला हवं. जुलाब लागले तर ओआरएस आणि झिंक.

न्यायचं कधी, ते आजीला दाखवून ठेवा. पोर झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा: दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा वर, एक ते पाच वर्षांच्याचा ४० किंवा वर. छाती आत ओढली जाणं, पाणीही न पिणं, झटका, गुंगी. यातलं एक दिसलं तरी १०८. पुरळ उतरायला लागल्यावर ताप परत चढला तर समजायचं छातीत काहीतरी आहे. गोवरात पोरं दगावतात ती बहुतेक न्यूमोनियानं, आणि घरचे म्हणत असतात गोवर तर उतरला.

डॉ_पंचगंगा:
नमुन्याबद्दल राहिलं. तुम्ही पुरळाच्या दुसऱ्याच दिवशी रक्त घेतलंय. पहिल्या तीन दिवसांत आयजीएम (ताज्या लागणीची रक्तातली प्रतिपिंडं) पुष्कळदा येत नाही, त्यामुळे अहवाल "निगेटिव्ह" आला तरी यादी बंद करू नका. परत नमुना घ्या, पुरळापासून २८ दिवसांपर्यंत चालतो. घशाचा स्वॅब मात्र पहिल्या आठवड्यातच. आणि अर्जावर लसीची तारीख नक्की लिहा. नव्यानं लस दिलेल्या मुलाला पुरळ आलं तर लसीमुळेही आयजीएम पॉझिटिव्ह येतं, मग प्रयोगशाळेत गोंधळ होतो. चार आठवड्यांत पाच संशयित झाले की उद्रेक म्हणून कळवायचं. तिसऱ्या टोळीत शोध घेतला की तो आकडा लवकर होईल असं दिसतं.

फडाची_चिट:
टोळी हलण्याचं. मुकादमाला "थांब" म्हणून तो थांबत नाही, गट अधिकाऱ्यानं तोडणी कार्यक्रम बदलला तर थांबतो. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र थेट शेती विभागाला जाऊ द्या; मागणी छोटी ठेवा: १७ पर्यंत या टोळीला याच गटातले फड. चार दिवसांसाठी ते बहुधा जमवतात.

नाहीच थांबली तर यादी टोळीबरोबर गेली पाहिजे. नाव, वय, लस कधी, २१ दिवस कधी संपतात, मुकादमाचा नंबर. कागलच्या ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत तळ पडणार तिथं त्याच दिवशी. कागलच्या पुढं निपाणी लागते. टोळी तिकडच्या कारखान्याला गेली तर राज्य बदलतं, तेव्हा जिल्हा सर्वेक्षण कक्षाकडूनच कळवायला सांगा, तुमच्या फोनवर ते हलणार नाहीत. आणि ही यादी व्हॉट्सॲपच्या गावग्रुपवर टाकू नका. नाव फुटलं की शेतकरी त्या टोळीला फडात घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कोप्या रिकाम्या.

शिरोळ_उपकेंद्र:
पत्र गेलं. सहा महिन्यांखालची दोन बाळं सापडली, सीपीआरला निघालीत. तिसरी टोळी आता हातकणंगलेत आहे, तिथल्या केंद्राला यादी दिली.