जुन्या बाजारातला गंजलेला पिंजरा कॉकटेल पक्ष्यांसाठी रंगवता येईल का?

सदाशिवपेठी

जुन्या बाजारातून लोखंडी पिंजरा आणलाय. तळ २४ × १८ इंच, उंची ३० इंच, खाली पायांचा स्टँड. वर पांढरा ऑइल पेंट, त्याखाली हिरवा दिसतोय. दाराच्या कडेला आणि ट्रेच्या खाचेत गंज आहे, दोन-तीन जागी रंगाचे पोपडे सुटलेत. कॉकटेलची (कॉकाटील, तुरेवाला छोटा पोपट) जोडी ठेवायची आहे आणि ती तारा चावणारच. खरवडून रेड ऑक्साइड (लोखंडाचा प्रायमर) आणि वर इनॅमल मारलं तर चालेल का? पाऊस संपेपर्यंत थांबू का?

तारजाळी

तुम्ही गंजाला घाबरताय, पण घाबरायचं ते त्या हिरव्या थराला. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. तो पोटात गेला तरी पक्ष्याला फारसं काही होत नाही. त्याचा त्रास वेगळा: तार खरखरीत होते, विष्ठा त्यात धरून बसते आणि वरचा रंग सुटतो.

घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) हा आपल्याकडचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, आणि तोही फक्त घरगुती व सजावटीच्या रंगांना. कारखान्यात वापरायचे रंग त्यात येत नाहीत. तुमचा हिरवा थर कधीचा, कशाचा, हे कोणी सांगू शकणार नाही. त्यात शिसं आहे असं धरूनच चाला. लोखंडाला पूर्वी शेंदरी प्रायमर मारत, तो शेंदूर म्हणजे चक्क शिशाचा ऑक्साइड. आजचा तांबडा रेड ऑक्साइड वेगळा, त्याची गल्लत करू नका.

म्हणून कोरडं खरवडणं नको, ग्राइंडर तर नकोच, आणि ब्लो लॅम्पने जाळणं बिलकूल नको. शिशाची धूळ आणि धूर तुमच्याच छातीत जाणार, शिवाय तार गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) असेल तर जस्ताच्या धुराने ताप भरतो.

आज एवढंच करा. पिंजरा गच्चीवर न्या, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. वाळलेली विष्ठा आधी साबणाच्या पाण्याने भिजवा, मग घासा. कोरड्या विष्ठेच्या धुळीतून सिटाकोसिस हा पक्ष्यांचा जंतुसंसर्ग माणसालाही होतो. स्वच्छ झाल्यावर लिटरला ३० मिली ब्लीच घालून ते पाणी १० मिनिटं तारांवर ओलं राहू द्या आणि खळखळून धुवा. मळ तसाच ठेवून ब्लीच ओतलं तर ब्लीच मळातच खर्ची पडतं. ब्लीच पूर्ण निघाल्याशिवाय व्हिनेगर किंवा लिंबूसत्व लावायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

नऱ्हे_फॅब्रिकेशन

चोच लागते तिथे ब्रशने मारलेला कुठलाच रंग टिकत नाही, मग डबा कितीही महाग असो. तारा पावडर कोटिंगला द्या, म्हणजे रंगाची कोरडी पावडर चिकटवून भट्टीत भाजतात. पुण्यात भोसरीत, नऱ्हे-धायरीत जॉबवर्क करणारे भरपूर आहेत. त्यांना तीन गोष्टी सांगायच्या.

जुना रंग सँडब्लास्टिंगने (वाळूच्या झोताने) पूर्ण काढा, पण दाब कमी ठेवा, नाहीतर दोन मिलिमीटरची तार वाकते. झिंकवाला प्रायमर मारू नका. गंज परत येऊ नये म्हणून ते स्वतःहून सुचवतील, तरी नाही म्हणा, पक्ष्यांना जस्त बाधतं. आणि पिंजरा उभा न देता बाजू सुट्या करून सपाट द्या.

शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. पावडर विजेच्या भाराने चिकटते आणि आतल्या कोपऱ्यात तो भार पोचत नाही. त्यामुळे दोन तारा एकमेकींना ओलांडतात त्या फुलीत थर पातळ बसतो. सपाट भागावर ६० ते ८० मायक्रॉन मिळाले तरी फुलीत निम्मेही नसतात. सहा महिन्यांनी गंजाचा तांबडा ठिपका दिसतो तो बरोब्बर त्या फुलीतच. माल हातात आला की भिंग घेऊन फुल्याच तपासा, बाकी तारेकडे बघायची गरज नाही.

भट्टी १८० ते २०० अंशांची असते. प्लास्टिकच्या वाट्या, लाकडी दांडी, दाराची स्प्रिंग सगळं काढून द्या. रंग त्यांच्या चालू बॅचचाच घ्या, एका पिंजऱ्यासाठी ते गन धुवत बसणार नाहीत.

तारजाळी

वरच्याशी सहमत. पण ब्लास्टिंग, कोटिंग आणि टेम्पोचा खर्च जोडला की मला जाळी बदलणंच बरं वाटतं. चार बाजू आणि छत मिळून साडेवीस चौरस फूट होतात. ३ फुटी रोलमधून ९ फूट घ्या, काटछाट धरून पुरते. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) वेल्ड मेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली जाळी, अर्धा इंच चौकट, तारेची जाडी १४ किंवा १६ गेज. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला विचारा. चुंबकावर विसंबू नका, स्टेनलेसच्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ३०४ लिहून घ्या.

बांधायला स्टीलचीच तार वापरा. जीआयची (जस्त चढवलेली) बाइंडिंग वायर नको आणि सोल्डर तर मुळीच नको, नेहमीच्या सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं. कापलेली टोकं कानशीने मारून बाहेर वळवा.

सदाशिवपेठी

म्हणजे इनॅमल कुठेच नको? स्टँडला तरी चालेल ना? त्याला फक्त गंज आहे, रंग कधी लावलेलाच दिसत नाही.

नऱ्हे_फॅब्रिकेशन

स्टँडला चालेल, तिथवर चोच पोचत नसेल तर. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व घालून चिंध्या भिजवा, पायांना गुंडाळा, वरून प्लास्टिक बांधा, ४ ते ६ तास ठेवा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, धुवा आणि लगेच हेअर ड्रायरने वाळवा. चहाला गेलात तर परत येईपर्यंत केशरी झाक आलेली असते. त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा एक पातळ हात. दुसऱ्या दिवशी २२० चा पॉलिश पेपर पाण्यासोबत, मग इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये २४ तास.

पाऊस थांबायची वाट बघायला नको, तीन उघडे दिवस पुरतात. सकाळी ११ च्या आत मात्र सुरू करू नका. लोखंड गार असतं, त्यावर न दिसणारं दव धरतं आणि रंग पापडासारखा सुटतो.

रंग हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागेल, पण आतून या हवेत तीन-चार आठवडे घेतो. तोवर पक्षी त्या खोलीतही नकोत, नुसत्या वासानेही त्यांचा श्वास बिघडतो. नंतर स्टँड तासभर मोठ्या पॉलिथिनमध्ये बांधून ठेवा. उघडल्यावर थिनरचा वास आला तर अजून आठवडाभर गच्चीवर. ओघळ आलाय तिथे नख दाबून बघा, खूण उठली तर आत अजून ओलं आहे.

तारजाळी

ट्रेची खाच राहिली. ती कितीही रंगवा, ट्रे सरकवताना घासून निघणारच. तेवढी पट्टी कापून स्टीलचा अँगल लावा.