कामाच्या ताणामुळे रक्तदाब वाढू शकतो का?

प्रश्न: गेली 2 वर्षे मी आठवड्याला साठ तास काम करतो आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावरही जबडा घट्ट आवळलेलाच असतो आणि नुकताच रक्तदाब 150/96 निघाला. याचा कामाशी खरोखर संबंध आहे, की दोष केवळ माझ्या सवयींचा आहे?

उत्तर 1: संबंध असू शकतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास राबणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो. स्वतःला बोल लावू नका. आधी डॉक्टरांना भेटा.

उत्तर 2: केवळ तास मोजून भागत नाही. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडल्याप्रमाणे, कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचे स्वातंत्र्य अल्प, अशी स्थिती सर्वांत घातक ठरते. मी पूर्वी जिथे होते तिथे पाणी प्यायला उठण्यासाठीही हात वर करून परवानगी मागावी लागे. तास आठच होते, तरी दुपारपर्यंत मान दगडासारखी होई आणि हे मला आजही अन्यायाचेच वाटते. आपल्या कामाचा क्रम तरी आपल्याला ठरवता येतो का?

प्रश्नकर्ता: नाही, तोही वरूनच ठरतो. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली आहे आणि तासांची नोंदही सोबत नेणार आहे.