मदत हवी आहे : वडिलांना सार्कोइडोसिस की क्षय? स्टेरॉइड सुरू करावे का?

वाळवेकर :
वडिलांचे वय ५४. कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप, संध्याकाळची कणकण आणि उतरत चाललेले वजन अशा तक्रारी आहेत. सीटी स्कॅनमध्ये छातीत दोन्ही बाजूंना गाठी आणि फुफ्फुसांत बारीक ठिपके दिसले. सांगलीतील नव्या डॉक्टरांनी हा बहुधा सार्कोइडोसिस (फुफ्फुसांसह शरीरात पेशींचे पुंजके तयार होण्याचा आजार) असल्याचे सांगून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम लिहून दिले आहे. आधीचे डॉक्टर मात्र क्षयच धरून चालले होते. गोळ्या आणून ठेवल्या आहेत आणि आई रोज विचारते आहे. त्या सुरू कराव्यात की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

मिरजकर :
क्षयाची औषधे प्रत्यक्ष सुरू केली होती का? थुंकी, सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी), बायॉप्सी (गाठीचा नमुना काढून तपासणे) यांपैकी काय काय झाले? मधुमेह आहे का? हे कळल्याशिवाय कोणालाही जबाबदारीने उत्तर देता येणार नाही.

वाळवेकर :
चार औषधांचा उपचार चालू आहे, पण फरक नाही. थुंकीत जंतू सापडले नाहीत, सीबीनॅट निगेटिव्ह आले, मॅन्टूच्या (क्षयासाठी हाताच्या कातडीत सुई टोचून करतात त्या चाचणीच्या) जागी काहीही उठले नाही. साखर काठावर आहे. बायॉप्सी केलेली नाही, कारण सुई टोचली की आजार पसरतो असे भावकीतील मंडळींचे म्हणणे पडले.

माणदेशी :
थुंकी स्वच्छ असूनही क्षय असू शकतो. माझ्या चुलत्यांना गाठींचा क्षय होता, त्यांच्याही थुंकीत काही निघाले नव्हते. सहा महिन्यांचा उपचार पूर्ण केला आणि आज ते रानात काम करतात. स्टेरॉइडला हात लावू नका, कोर्स पूर्ण करा.

मिरजकर :
माणदेशी, तुमचे पहिले वाक्य खरे आहे आणि नेमके त्याचमुळे बायॉप्सी टाळता येत नाही. दोन्ही आजारांत पेशींचे पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा तयार होतात. क्षयात त्यांचा मध्यभाग बहुधा कुजलेला दिसतो, सार्कोइडोसिसमध्ये सहसा तसा दिसत नाही. मॅन्टू निगेटिव्ह येणे सार्कोइडोसिसकडे बोट दाखवते, परंतु तो पुरावा नव्हे. घशातून दुर्बीण घालून सोनोग्राफीच्या मदतीने गाठीतील नमुना घेतात, त्याला ईबस म्हणतात. त्याने आजार पसरत नाही. तोच नमुना क्षयाच्या जंतूंसाठी सीबीनॅट व कल्चरलाही (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीलाही) पाठवण्यास आग्रहाने सांगा, कारण क्षय असताना नुसते स्टेरॉइड दिले तर तो उफाळतो. तोपर्यंत चालू औषधे मनाने बंद करू नका. क्षयाच्या चार औषधांपैकी रिफाम्पिसिनमुळे प्रेडनिसोलोनचा परिणाम कमी होतो, हेही नव्या डॉक्टरांना विचारा.

हळदीचा मळा :
आमच्या जाऊबाईंना स्टेरॉइडने चेहऱ्यावर सूज आली आणि साखर वाढली. त्यापेक्षा गुळवेलीचा काढा, प्राणायाम आणि आठवड्याला डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी द्यावी. अशक्तपणा जाईल.

कृष्णाकाठ :
ताई, प्राणायामाला हरकत नाही, पण पुडीविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. मी साताऱ्याची असून मला स्वतःला सार्कोइडोसिस आहे. या आजारात ग्रॅन्युलोमातील पेशीच डी जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करतात, त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढते, मुतखडे होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. कॅल्शियम तपासल्याशिवाय पुडी देऊ नये. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही डॉक्टरांनी केलेल्या आहेत, आणि क्षयाच्या औषधांचा भार यकृतावर आधीच असतो.

वाळवेकर, डोळ्यांची तपासणी आणि ईसीजी झाला का? माझा आजार खोकल्याने नव्हे, तर डोळ्यांनी सुरू झाला : उजेड सहन होईना, अक्षरे धुरकट दिसू लागली, आणि डोळे आले असे समजून थेंब घालण्यात वेळ गेला. पुढे नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या तेव्हा कोठे धागा जुळला. हृदयात ग्रॅन्युलोमा झाले तर ठोके बिघडतात, म्हणून चक्कर किंवा धडधड असल्यास ते आवर्जून सांगा. हा आजार संसर्गजन्य नाही आणि कर्करोगही नाही. अनेकांचा तो दोन-तीन वर्षांत आपोआप शमतो, त्यांना केवळ देखरेख पुरते; पण धाप वाढत असेल, किंवा डोळे, हृदय, मज्जासंस्था यांना झळ लागली असेल, तर उपचार घ्यावाच लागतो. प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवतात, एकदम थांबवत नाहीत. ते फार काळ लागले तर मेथोट्रेक्झेट हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध जोडतात.

ऊसवाला :
वडील साखर कारखान्यात आहेत का? साठवलेल्या बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) बुरशीयुक्त धुळीनेही असाच खोकला आणि धाप लागते. माझे मत त्याच बाजूचे आहे.

वाळवेकर :
कारखान्यातच आहेत, पण वजनकाट्यावर. बगॅसच्या ढिगाकडे जाणे होत नाही.

मिरजकर :
तरीही डॉक्टरांना सांगा. त्या आजारातही ग्रॅन्युलोमा दिसतात, मात्र दोन्ही बाजूंना मोठ्या गाठी येणे हे त्याचे नेहमीचे चित्र नव्हे.

जरंडेश्वर :
खर्चाचा प्रश्न असल्यास महात्मा फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.

वाळवेकर :
खर्चाचे पाहून घेऊ. डोळे तपासलेले नाहीत. ईसीजी ठीक आहे. कॅल्शियमचे रक्त आज दिले, गोळ्या सुरू केलेल्या नाहीत आणि मिरजेत ईबसची वेळ घेतली आहे. आदल्या रात्री जेवण चालते का?

मिरजकर :
रात्रीचे जेवण चालते, त्यानंतर उपाशी राहण्याची वेळ ते सांगतील ती पाळा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच फोन करून कळवा.