कीटो बंद केल्यावर आठवड्यात दोन-अडीच किलो वाढ: चरबी की पाणी?

कोरडी_भाकर

बरेच महिने कीटो, म्हणजे कडक लो-कार्ब (दिवसाला ३० ग्रॅमच्या आत कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर) केल्यानंतर आता ते कायमचं थांबवलं आहे. पोळी-भात सुरू केल्यापासून वजनकाटा दोन-अडीच किलोने वर गेलाय, संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांचे वळ दिसतात, पोट डब्ब आणि दुपारी जेवल्यावर डोळे मिटतात. सहज म्हणून ग्लुकोमीटर लावला तर जेवणानंतर दोन तासांनी १७० आली. मधुमेह नाही, कसल्याही गोळ्या चालू नाहीत.

हे वजन खरंच परत आलं का? शुगरची काळजी करावी का? आणि पूर्ववत जेवणावर यायचं तर कोणत्या क्रमाने? गणपती तोंडावर आलेत, तेव्हा मोदकाचंही सांगा.

पाणीवाटप

आधी हिशोब. शरीर ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं, यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० च्या आसपास. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कीटोत हा साठा बराच रिकामा होतो, कार्ब आले की भरतो. म्हणजे अर्धा किलो ग्लायकोजेन आणि दीड किलो पाणी, झाले दोन किलो. कीटोच्या पहिल्या आठवड्यात जे भराभर 'उतरलं' होतं, तेच हे.

उलट बाजूने बघा. एक किलो चरबी साठायला सुमारे ७७०० कॅलरी जादा लागतात. अडीच किलोसाठी १९ हजारांच्या वर. आठवडाभर रोज गरजेपेक्षा पावणेतीन हजार कॅलरी जास्त, तेही पोळी-भात खाऊन? कठीण आहे.

सूज मात्र मिठामुळे. इन्शुलिन वाढलं की मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवतात आणि सोडियमबरोबर पाणी. कीटोत याच्या उलट होतं, मीठ लघवीवाटे जातं, म्हणून तर त्या काळात मीठ-पाणी, सूप, इलेक्ट्रोलाइटची पावडर घ्यायला सांगतात. बहुतेक जण डाएट बंद करतात पण ते जादा मीठ बंद करायला विसरतात. ते आजच थांबवा, लोणचं-पापडही काही दिवस बाजूला. सूज एक-दोन आठवड्यांत ओसरायला हवी. एकाच पायावर सूज, पोटरी दुखणं, धाप लागणं, किंवा बोटाने दाबल्यावर खड्डा राहणं, यातलं काही असेल तर मात्र काट्याचा विषय सोडून डॉक्टर गाठा.

रोज काट्यावर चढू नका. दहा-बारा दिवसांनी सकाळी रिकाम्या पोटी जे वजन येईल ते तुमचं नवं मूळ वजन धरा. त्यानंतर जे वाढेल त्याचा विचार करायचा.

रिपोर्ट_दाखवा

शुगरबद्दल. कार्ब नसताना स्नायू चरबीवर चालायला सरावतात आणि ग्लुकोज आत घ्यायला नाखूश होतात, कारण असेल नसेल तेवढं ग्लुकोज मेंदूसाठी राखायचं असतं. स्वादुपिंडाचा पहिला इन्शुलिनचा झटकाही मंदावतो. अशा वेळी एकदम ताटभर भात आला तर साखर चढते आणि उशिरा उतरते. म्हणूनच ग्लुकोज टॉलरन्स टेस्टच्या (ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजतात ती) आधी किमान तीन दिवस रोज १५० ग्रॅम तरी कार्ब खायचा नियम आहे. कीटोवरून थेट लॅबमध्ये गेलात तर निरोगी माणसाचाही रिपोर्ट मधुमेहासारखा येऊ शकतो.

तेव्हा आत्ताच्या १७० वरून निदान करू नका. दोन आठवडे नेहमीचं जेवण घ्या, मग बघा. तरीही दोन तासांची साखर १४० च्या वर राहिली तर लॅबमध्ये रीतसर तपासणी. उपाशीपोटी १२६ किंवा टॉलरन्स टेस्टमध्ये २०० च्या पुढे म्हणजे मधुमेहाची हद्द.

एक फसगत सांगतो. एचबीए१सी (सरासरी साखरेची रक्ततपासणी) आत्ता केलंत तर छान येईल, कारण तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा, म्हणजे तुमच्या लो-कार्बच्या दिवसांचा असतो. तीन महिने पोळी-भात खाल्ल्यावरचा रिपोर्ट खरा. लिपिड प्रोफाइलही (रक्तातल्या चरबीची तपासणी) सहा-आठ आठवड्यांनी करा. कीटोत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढलं असेल तर ते बहुधा उतरतं, पण मैदा-साखरेवर आलात तर ट्रायग्लिसराइड वर जातात.

वाटीचमचा

क्रमाचं मी सांगते. मापं अंदाजे: ३० ग्रॅम कणकेची एक पोळी म्हणजे २० ग्रॅम कार्ब. शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे २८. ज्वारीची ५० ग्रॅम पिठाची भाकरी ३५ च्या आसपास, तेवढ्याच कोरड्या पोह्यांत ३८. वाटीभर वरणात, डाळ किती घट्ट त्यावर, १२ ते १५. साबुदाण्याचं नाव सध्या नको, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च.

पहिला आठवडा ६०-७० ग्रॅम: दुपारी एक पोळी आणि वरण, रात्री एक पोळी किंवा छोटी भाकरी. दुसरा १०० पर्यंत, तिसरा १३०-१५०. सुरुवात मुगाच्या वरणाने करा. राजमा, छोले, चवळी यांतली रॅफिनोज आणि स्टॅकिओज ही साखर आपल्याला पचत नाही, ती मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात. महिनोन् महिने कमी फायबरवर राहिलेल्या पोटात तिने जास्तच गॅस धरतो. कडधान्य रात्रभर भिजवून पाणी ओतून द्यायचं, पहिल्यांदा पाव वाटीच घ्यायची.

जेवताना आधी कोशिंबीर, उसळ, अंडं किंवा मासे, पोळी-भात शेवटी. साखर कमी चढते आणि दुपारची ती झोपही कमी होते. नंतर पंधरा मिनिटं चाला, नुसतं घरातल्या घरात असलं तरी.

आता मुख्य गोष्ट, जी कोणी करत नाही. एक पोळी म्हणजे साधारण १०० कॅलरी, म्हणजे दोन चहाचे चमचे तूप. पोळी ताटात आली की तेवढं तूप, चीज, खोबरेल तेल कमी व्हायलाच हवं. लोणी घातलेली कॉफीही चालू आणि वर पोहेही, असं झालं की मग येते ती खरी चरबी. त्यातून किटोनमुळे (कीटोत चरबी जळताना तयार होतात ते) दबलेली भूकही परत येते, तेव्हा प्रोटीन अजिबात कमी करू नका.

दंडबैठक

वाटीचमचा, मापांना +१, पण तीन आठवड्यांची शिडी सगळ्यांनाच नको. ती पोटाच्या सोयीसाठी आहे. तिने ते दोन किलो टळत नाहीत, फक्त हळू येतात. जो आठवड्यातून चार दिवस वजन उचलतो त्याने सरळ १५० वर आलं तरी काही बिघडत नाही, उलट स्नायू भरल्यामुळे सेट वाढतात. बहुतेक कार्ब व्यायामानंतरच्या जेवणात घ्या.

गोळी_आधी_विचारा

धागा मधुमेही मंडळीही वाचत असतील म्हणून. लो-कार्बमध्ये डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड (शुगरची गोळी), इन्शुलिन किंवा बीपीच्या गोळ्या कमी केल्या असतील तर कार्ब वाढवण्याआधी त्यांना कळवा. शुगर आणि बीपी दोन्ही वर जाऊ शकतात, पण जुना डोस स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नका. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांवर असताना लो-कार्ब केलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही किटोॲसिडोसिस (किटोन साठून रक्त धोकादायक आम्ल होणं) होऊ शकतो. डाएटवर पुन्हा जाण्याचा विचार करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आणि लो-कार्बच्या नावाखाली कित्येक दिवस जवळपास उपाशीच राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर जेवू घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धोकादायक पातळीवर खाली येतं. त्याची सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

कोरडी_भाकर

सगळ्यांचे आभार. मीठ-पाणी अजून चालूच होतं, आज बंद. मोदक राहिला.

वाटीचमचा

उकडीच्या मोदकाला १५ ग्रॅम पिठी आणि तेवढाच गूळ धरा, म्हणजे २५ ग्रॅमच्या थोडं वर. दोन खाल्ले तर त्या जेवणातली पोळी आणि वरण-भात दोन्ही गेले. वर तूप चमचाभर चालेल, तूप नसलेला मोदक मी कोणाला सांगणार नाही. तळणीचे दुसऱ्या वर्षी.