हॉलमध्ये फिश टँक घ्यायचाय, साईज आणि आकार कोणता घ्यावा? (नाशिक)

सायलीची_आई:
नमस्कार मंडळी. आमचा इंदिरानगरला टू बीएचके आहे, तिसरा मजला. मुलगी पाचवीत आहे, कधीपासून फिश टँक फिश टँक चाललंय तिचं, दिवाळीच्या सुट्टीत घेऊ असं कबूल केलंय. हॉलमध्ये टीव्ही युनिट आणि बाल्कनीचं दार यांच्या मधे साडेतीन फूट भिंत मोकळी आहे. दुकानात गेलो तर त्यांनी आधी गोल बाऊल दाखवला, म्हणे गोल्डफिश यात मस्त राहतात, मग एक उभा टँक दाखवला, १८ इंच लांब १२ रुंद २४ उंच, पुढची काच गोलाईची. दिसायला फार छान आहे आणि जागा पण कमी लागते. त्यात सासूबाई म्हणतात मासे नऊच हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा. कुठला घेऊ? आणि तिसऱ्या मजल्यावर एवढं वजन चालेल का?

गोदाकाठचा_मासेवाला:
ताई, बाऊल तर अजिबात नको. गोल्डफिश सहा-आठ इंचाचा होतो आणि घाण भरपूर करतो, त्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात सुटतो, आणि चार-पाच लिटर पाण्यात तो दोन दिवसांत विषारी पातळीला जातो. मासे "आपोआप मेले" असं लोक म्हणतात ना, त्यातले बरेचसे असेच जातात. फार वाईट वाटतं मला ते बघून.

आता उभा टँक. १८×१२×२४ म्हणजे ५१८४ घन इंच, साधारण ८५ लिटर. आता तुमच्या साडेतीन फुटांत ३६×१२×१२ चा आडवा टँक आरामात बसतो, त्याचा गुणाकार करून बघा, तेवढाच येतो, ५१८४. पाणी सारखंच, पण उभ्याचा वरचा पृष्ठभाग २१६ चौरस इंच आणि आडव्याचा ४३२, बरोबर दुप्पट. पाण्यात ऑक्सिजन जातो तो वरूनच, त्यामुळे लाईट गेली आणि फिल्टर बंद पडला तर आडव्यातले मासे जास्त वेळ तग धरतात. शिवाय बहुतेक मासे लांबीत पोहतात, वर-खाली नाही, आणि २४ इंच खोल टँकच्या तळाला हात पोचवायचा म्हणजे खांद्यापर्यंत बाही वर करावी लागते, मग साफसफाई टाळली जाते. गोलाईच्या काचेतून मासे वेडेवाकडे दिसतात ते वेगळंच.

उंची लागते ती एंजलफिशला, त्याचे पर उभे वाढतात. ते पाळायचे असतील तर ३६×१५×१८ बघा, पण मग १६० लिटर. म्हणून आधी मासा ठरवा, मग टँक.

काचकाम_पंचवटी:
वरचं सगळं बरोबर आहे, काचेबद्दल मी सांगतो. पाण्याचा दाब उंचीवर असतो, लांबीवर नाही. १२ इंच उंचीला ६ एमएम काच पुरते, १८ ला ८ आणि २४ ला १० एमएम तरी हवी. उभे टँक स्वस्तात मिळतात ना तेव्हा काच किती एमएम आहे ते आधी विचारा आणि मोजून घ्या. ३६ लांबीला वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या आणि मधे एक आडवी पट्टी मारून घ्या, नाहीतर मोठ्या काचेला पोट येतं.

वजन: पाणी ८५, काच १५, खाली रेती १५, स्टँड धरून सव्वाशे ते दीडशे किलो. दोन माणसं उभी राहिली एवढंच, त्यामुळे आरसीसी स्लॅबला काही होत नाही, फक्त भिंतीच्या जवळ ठेवा. स्टँड लेव्हलमध्ये हवा, एक कोपरा खाली असला तर काचेवर ताण येतो, आणि टँकखाली थर्मोकोलची शीट टाका. बाल्कनीचं दार कुठल्या बाजूला आहे? थेट ऊन आलं तर शेवाळं आवरणार नाही.

सायलीची_आई:
दार पूर्वेला आहे, सकाळी दहापर्यंत ऊन येतं, पण पडदा आहे जाड. सासूबाईंचं काय करू? त्यांचा फार जीव आहे त्या नऊ माशांवर.

मखमलाबादकर:
काकूंचं मन मोडू नका. नऊ गोल्डफिश म्हणजे पहिल्याला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० धरतात, जवळपास ४०० लिटर, ते तुमच्या भिंतीत बसणार नाही. पण आठ केशरी-सोनेरी प्लॅटी आणि एक ब्लॅक मॉली घ्या ना! रंग तेच आणि संख्या तीच, शिवाय दोन-अडीच इंचाचे मासे ८५ लिटरमध्ये सुखात राहतात. बोअरचं जड पाणी असलं तरी या दोघांना चालतं. फक्त सगळे नर निवडा, नाहीतर पिल्लं होऊन नऊचे नव्वद होतील. नराचा पोटाखालचा मागचा पर बारीक काडीसारखा असतो, मादीचा पसरट तिकोनी. नर एकमेकांमागे थोडे धावतात, म्हणून तीन फूट लांबी इथेही उपयोगी.

गोदाकाठचा_मासेवाला:
@मखमलाबादकर वा, हे मला सुचलंच नव्हतं. ताई, यात एकच लक्षात ठेवा, प्लॅटी-मॉलीला पाणी २४-२५ डिग्री लागतं आणि नाशिकच्या जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा १०० वॉटचा हीटर घ्याच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटीक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय भरू नका. आणि दिवाळीत टँक आणला तरी त्याच दिवशी नऊच्या नऊ मासे नको. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरात तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. सायलीला सांगा, आधी दोन प्लॅटी, मग पंधरा दिवसांनी आणखी दोन, असं करत मॉली सगळ्यात शेवटी. तोवर दर आठवड्याला पाव पाणी बदलायचं, ते काम तिलाच द्या.

सायलीची_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे. ३६×१२×१२ पक्का. स्टँड सुताराकडून करून घेतेय, उंची किती ठेवू?

काचकाम_पंचवटी:
सोफ्यावर बसून डोळ्यासमोर यायला हवा तर २८ इंच. आणि मागे भिंतीपासून चार इंच सोडा, फिल्टर अडकवायला आणि वायर काढायला लागतात. प्लगची वायर आधी खाली झोल घेऊन मग वर सॉकेटला न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये जाणार नाही.