तातडीची मदत : पंखा बंद पडलाय

नित्या_वडगाव
पंखा सकाळपासून बंद. कालपर्यंत नुसता खर्र खर्र करत होता, आज फिरतच नाही. दहा मिनिटांत इतका तापतो की हात ठेववत नाही. उद्या वीस तारीख, माझं सगळं काम त्याच्यावर अडलंय. माहीत असेल त्यांनी पटकन सांगा. ब्रशनं साफ करून झालंय, ते सांगू नका.

अनगोळकर
कंडेन्सर गेलाय. अडीच मायक्रोफॅरडचा आण, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. मेन बंद कर, वरची वाटी खाली घे, दोन वायरी काढायच्या, दोन जोडायच्या. हातानं ढकलल्यावर फिरत असेल तर कंडेन्सरच.

नित्या_वडगाव
काका, लॅपटॉपचा पंखा! जीएसटी रिटर्न भरायचंय, चार जणांची बिलं आत अडकलीत.

अनगोळकर
मग तसं लिहायचं की. आम्हाला काय स्वप्न पडतंय?

मदरबोर्ड_मामा
मॉडेल कुठलं? चालू करताना पंखा एखादा सेकंद तरी गुरगुरतो का? पडद्यावर काही येतं का?

नित्या_वडगाव
काळ्या पडद्यावर पंख्याबद्दल काहीतरी इंग्रजीत येतं, एंटर मारलं की पुढं जातं. मॉडेल माहीत नाही. जुनाच घेतलाय, खालचा स्टिकर घासून गेलाय.

खानापूरचा_रानगडी
कशाला घाबरूलास गा. पंख्याच्या मधोमध गोल स्टिकर असतोय, तो उचलून दोन थेंब खोबरेल सोड. माझा तीन वर्षं चालूलाय.

निपाणीची_वैनी
खोबरेल अजिबात नको भाऊजी. थंडीत बाटलीत गोठतं ते पंख्यात गोठणार नाही? आमचं घर तंबाखूच्या वखारीला लागून. मीही तेलाचा प्रयोग केला होता. भुकटी आणि तेल मिळून आत तपकिरी डांबर झालं, ते टूथपिकनं खरवडत बसले होते. घालायचंच तर शिलाई मशीनचं, एकच थेंब, तेही नवा पंखा येईपर्यंत. शेवटी नवाच घेतला, साडेसातशेला.

खानापूरचा_रानगडी
वैनी, तुमच्यात तंबाखू, आमच्यात पाऊस. पावसात सगळं गंजतंय, तेल लागतंयच.

मुक्त_पेंग्विन
विंडोज काढून लिनक्स टाका. निम्मा ताप तिथंच कमी होतो. मी सात वर्षं वापरतोय.

निपाणीची_वैनी
पंखा फिरत नाही म्हणतोय तो. लिनक्स काय फुंकर मारणार?

प्रवासी_पक्षी
बेळगावीत सर्व्हिस सेंटर असेलच ना? तिथं दाखवा.

अनगोळकर
बेळगाव. मराठीत लिहिताय तर बेळगाव लिहा.

प्रवासी_पक्षी
२०१४ पासून सरकारी नाव बेळगावीच आहे.

अनगोळकर
सरकारी असूंदे. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, त्याचा निकाल लागूंदे, मग आम्हाला शिकवा.

नित्या_वडगाव
तो निकाल लागायच्या आत माझा लॅपटॉप जळतोय. दोघंही दुसरीकडं जावा की जरा.

मदरबोर्ड_मामा
नित्या, स्वल्प दम धर. आधी आजची सोय बघ. पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट सापडेल, तो शंभरचा पन्नास कर. मशीन रेंगाळेल, पण ताप कमी होईल. तळाखाली दोन्ही बाजूंना वही लावून उचलून ठेव आणि टेबल फॅनचा वारा मार. आता सांग, लॅपटॉप रोज असतो कुठं?

अनगोळकर
म्हणजे घरचा पंखा लागलाच की.

नित्या_वडगाव
घरीच असतो. मागाच्या खोलीत टेबल आहे, तिथं.

मदरबोर्ड_मामा
कसला माग?

नित्या_वडगाव
पॉवरलूम. दोन आहेत. वडगावात हे काय सांगायचं?

मदरबोर्ड_मामा
अरे देवा. हेच तर पहिल्या ओळीत पाहिजे होतं.

मागाजवळ सुताचा तूस उडतो, तो पंखा आत ओढतो. पंखा आणि तांब्याच्या नळीवरची बारीक पात्यांची जाळी यांच्यामध्ये तो साचतो. बाहेरून ब्रश मारून तिथं काही पोचत नाही. धागा आसाला गुंडाळला की पंखाच अडतो. तेव्हा कंडेन्सर नको, खोबरेल नको, लिनक्स तर नकोच.

बंद कर, चार्जर काढ, खालचं झाकण उघड, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडव. पंख्याचे दोन-तीन स्क्रू असतात, बऱ्याच मशीनमध्ये नळी न हलवता पंखा तेवढा निघतो. नळी उचलावी लागली तर थांब, मग चिप आणि नळी यांच्यामधली थर्मल पेस्ट नवी लावावी लागते. चिमट्यानं तूस ओढ. ब्लोअर मारणार असशील तर पाती बोटानं धरून ठेव, भन्नाट फिरू देऊ नको. आणि पंख्यावरचा नंबर, व्होल्ट, तारा किती, याचा फोटो काढ.

खानापूरचा_रानगडी
साफ झाल्यावर मग एक थेंब...

निपाणीची_वैनी
भाऊजी!

नित्या_वडगाव
उघडला. मामा, आत गादी होती हो! जाळीला चिकटून करड्या नमद्यासारखी पट्टी, चिमट्यानं धरली तर अख्खी सोलून आली. आणि आसाला जांभळा रेशमी धागा, पाच-सहा वेढे. ही जांभळी साडी दिवाळीच्या आधी निघाली होती, म्हणजे तेव्हापासून आत आहे. सुईनं उसवून काढला. आईला दाखवला तर म्हणते, माझ्या मागावरचा धागा आहे, टाकू नको.

निपाणीची_वैनी
फिरला का ते सांग!

नित्या_वडगाव
फिरला. आवाज आहे अजून, टर्र करून सुरू होतो आणि मग बसतो. पण काळा पडदा आला नाही. दोघांची रिटर्न गेली, दोन बाकी. टेबल आता सोप्यात आणलंय. पंख्यावर ५ व्होल्ट लिहिलंय, चार तारा आहेत. आवाज येतोय म्हणजे नवा घ्यावा लागेल ना?

मदरबोर्ड_मामा
बेअरिंग झिजलंय, घेऊन ठेव. नंबर जुळवूनच घे, दिसायला सारखे असले तरी प्लग आणि स्क्रूची जागा वेगळी असते. विंडोजचं बटण आणि आर दाबून एमएसइन्फो३२ टाईप कर, सिस्टिम मॉडेलसमोर जे येईल ते इथं लिही. दुसऱ्यांदा विचारतोय.

नित्या_वडगाव
उरलेली दोन भरून लिहितो.

मदरबोर्ड_मामा
बावीस तारीख झाली. मॉडेल?