स्टार्टअपला न चालणारा सफाईचा प्रोग्रॅम: तुमचे अनुभव सांगा

निळीशाई:
आज बाबांचं टेबल आवरायला घेतलं आणि खणात त्यांची कॉम्प्युटरची वही सापडली. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात: १) बटण दाबणे. २) झाडूचे चित्र येईपर्यंत थांबणे. ३) झाडू गेल्यावर मेल उघडणे. आणि मधल्या एका पानावर नुसत्या तारखा, प्रत्येकीपुढे "झाडू आला नाही". सलग एकवीस ओळी.

लॅपटॉप विंडोज ७ वरून १० वर नेला होता तेव्हाची गोष्ट. झाडूच्या चित्राचा, नको असलेल्या फाइल पुसणारा सफाईचा प्रोग्रॅम लॉगिन झाल्यावर आपोआप चालायचा तो बंदच झाला आणि आपलाच हात कुठेतरी चुकीचा लागला असं बाबांनी धरून ठेवलं. मी लांब, फोनवर रोज तेच, रीस्टार्ट करा, परत इन्स्टॉल करा. तीन आठवड्यांनी घरी गेले आणि बघते तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये प्रोग्रॅम व्यवस्थित 'एनेबल्ड'! कारण भलतंच निघालं. प्रोग्रॅमच्या नवीन आवृत्तीला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागायची, आणि असा प्रोग्रॅम स्टार्टअपच्या यादीत असला तर लॉगिनच्या वेळी परवानगीची खिडकी येतच नाही, तो गुपचूप वगळला जातो. हाताने डबल क्लिक केलं की खिडकी येते, 'येस' म्हटलं की चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

मग यादीतून काढला, टास्क शेड्यूलरमध्ये (प्रोग्रॅम ठरल्या वेळी आपोआप चालवणारी विंडोजची सोय) टास्क केलं, ट्रिगर, म्हणजे कधी चालायचं ते, 'अ‍ॅट लॉग ऑन' आणि 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस' वर टिक. माझ्यासमोर दोनदा चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "नाही आला गं." मी चार्जर लावून बघितलं होतं, ते खिडकीपाशी बसायचे चार्जरशिवाय. कंडिशन्स टॅबमध्ये 'वीज जोडलेली असेल तरच चालव' ही टिक आधीपासूनच असते, ती काढली.

वहीत त्या तारखेपुढे "आला." एवढंच लिहिलंय. बाबा आता नाहीत. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा, आज वाचावंसं वाटतंय.

दोनबोटी:
एकवीस ओळी वाचून गळा दाटून आला गं. वही जपून ठेव. माझी आईपण प्रत्येक एरर जशीच्या तशी उतरवून ठेवते, स्पेलिंगसकट, आणि खरं सांगू, फोनवर दुरुस्ती करायची तर त्याच्याइतकी मदत कशाचीच होत नाही

रात्रपाळी:
आमचं उलटं होतं. रीस्टार्ट केला की चालायचा, रात्री शटडाऊन करून सकाळी चालू केला की नाही. दोन महिने हेच. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, त्यात शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतात आणि सकाळी तोच परत उचलतात, म्हणजे खरा बूट होतच नाही. माझ्या टास्कचा ट्रिगर 'अ‍ॅट स्टार्टअप' होता, तो कसा पेटणार. 'अ‍ॅट लॉग ऑन' केला आणि एक मिनिटाचा डिले टाकला, तेव्हापासून एकदाही चुकला नाही. नुसतं तपासून बघायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा, तेव्हा पूर्ण बंद होतो.

खिडकीवाली:
बाळ झोपलंय तेवढ्यात लिहिते. माझा चालला नाही तोवरच बरं होतं!! नवऱ्याने एकदाचा चालू करून दिला आणि पहिल्याच लॉगिनला डाउनलोड्स फोल्डर साफ. सफाईच्या यादीत डाउनलोड्सवर टिक होती, आम्ही दोघांनीही यादी वाचली नव्हती. माझ्या सोनोग्राफीच्या फाइल तिथेच होत्या, बाळाचं पहिलं चित्र. खूप रडले त्या रात्री

दोनबोटी:
अगं देवा. मिळाल्या का परत?

खिडकीवाली:
रिकव्हरीवाला प्रोग्रॅम लावला, नावं दिसली पण उघडल्या नाहीत. शेवटी जिथे तपासणी केली होती तिथे फोन केला, त्यांच्याकडे प्रत होती, दिली बिचाऱ्यांनी. उठलं बाळ, येते

रात्रपाळी:
एसएसडी, म्हणजे चिपवाली नवी डिस्क, असेल तर अवघडच. डिलीट झालं की 'ही जागा आता लागत नाही' सांगणारी ट्रिम कमांड जाते आणि ड्राइव्ह ते ब्लॉक आतून मोकळे करून टाकतो. आपोआप चालणाऱ्या सफाईची यादी आधी एकदा हाताने चालवून बघावी, हे माझं ठाम मत.

पानगळ:
थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. रोज सफाई लागतेच कशाला? ब्राउझरची कॅश, म्हणजे पानं लवकर उघडावीत म्हणून साठवलेल्या फाइल, पुसली की तो तीच परत गोळा करतो, वर पानं हळू उघडतात. आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करणाऱ्यांपासून तर लांबच राहा, फायदा दिसत नाही, नुकसान मात्र होऊ शकतं. विंडोज १० मध्ये २०१७ पासून स्टोरेज सेन्स ही स्वतःची सफाईची सोय आहे, सेटिंग्जमध्ये चालू करा, वेगळा स्टार्टअप लागत नाही. डाउनलोड्सचा पर्याय त्यातही आहे, तो 'नेव्हर'वर ठेवा.

निळीशाई:
राग कसला, पटतंय. पण बाबांना तो झाडू दिसला की दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं.

पानगळ:
हो, ते समजलं गं. मग हवाच होता.

अर्धविराम:
माझं ऑफिसचं मशीन. टास्क रोज 'चाललं' म्हणतंय, स्क्रीनवर काहीच नाही. 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडलेलं होतं, तसं असलं की प्रोग्रॅम पडद्याआड चालतो, त्याची खिडकी दिसतच नाही. म्हणजे दोन आठवडे तो इमानाने काम करत होता आणि मी त्याला दुरुस्त करत होतो. पुढे पासवर्ड बदलला तेव्हा मात्र खरंच बंद पडला, कारण त्या पर्यायात टास्क जुनाच पासवर्ड धरून बसतं. तेव्हा आधी 'लास्ट रन रिझल्ट' हा रकाना बघा. ०x० म्हणजे चाललं, ०x२ म्हणजे फाइल सापडली नाही, ०x४१३०३ म्हणजे अजून एकदाही चाललेलं नाही. अर्धा शोध तिथेच संपतो.

कोरीपाटी:
आमच्याकडे अँटीव्हायरसने उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइल वेगळ्या बंद ठेवतात तिथे, टाकला होता, स्टार्टअपच्या यादीत नाव होतं पण फाइलच जागेवर नाही. आधी वैतागले. पण २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाईच्या प्रोग्रॅमच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं, सुमारे २२.७ लाख कॉम्प्युटरवर ती आवृत्ती पोचली होती, ते आठवलं आणि घाईने 'अलाउ' केलं नाही. मूळ साइटवरून नवीन उतरवला, मग चालला. कपडे वाळत घालायचेत, बाकी नंतर

दोनबोटी:
आमचा जुना डेस्कटॉप, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी गेली होती, सीआर२०३२. बंद केला की तारीख मागे जायची आणि टास्कची सुरुवातीची तारीख पुढची, मग तो चालणार कधी. आम्ही प्रोग्रॅम तीनदा काढून घातला. वेबसाइट पण सर्टिफिकेट चुकीचं म्हणून उघडायच्या नाहीत, तिथून संशय आला. आई म्हणाली, घड्याळ बघा की आधी

खिडकीवाली:
परत आले. आत्ता कंडिशन्स टॅब उघडला, निळीशाई म्हणते ती टिक आमच्याकडेही आहे! काढली. डाउनलोड्सचीही काढली, दोनदा बघितलं. चार्जर काढून लॉगिन केलं, चालला

निळीशाई:
आला!